एनआयएसएम प्रमाणन परीक्षेची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्युच्युअल फंडांचे वितरण, शेअर दलालांकडील नोकरी, गुंतवणूक सल्ला किंवा शेअर संशोधन या क्षेत्रांत येऊ इच्छिणाऱ्यांना एनआयएसएमची परीक्षा टाळता येत नाही. या परीक्षांविषयी उमेदवार जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी उमेदवारांचा गैरसमज मोठा असतो.

एनआयएसएम ही संस्था कोणती आणि तिची परीक्षा कोणाला बंधनकारक आहे?

नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स, अर्थात एनआयएसएम, ही भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2006 मध्ये स्थापन केलेली शिक्षणसंस्था आहे. तिचा निवासी परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे असून त्याचे उद्घाटन डिसेंबर 2016 मध्ये झाले. भांडवल बाजारात मध्यस्थ म्हणून काम करणाऱ्या व्यक्तींनी ठरावीक प्रमाणपत्र घेतले पाहिजे, असे सेबीच्या 2007 च्या प्रमाणनविषयक विनियमांनी ठरवले आणि त्यानुसार कामाच्या स्वरूपाप्रमाणे निरनिराळ्या परीक्षा सुरू झाल्या. म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा पूर्वी फंड कंपन्यांची संघटना असलेली अ‍ॅम्फी घेत असे; जून 2010 पासून तिची जागा एनआयएसएमच्या परीक्षेने घेतली.

केवळ स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या डीमॅट खात्यातून शेअर किंवा ऑप्शनची (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी वा विक्री करण्याच्या हक्काची) खरेदी-विक्री करणाऱ्याला यांपैकी कोणतीही परीक्षा बंधनकारक नाही.

परीक्षांची यादी लांबलचक आहे. त्यांतील नेमकी कोणती द्यावी?

तुम्हाला उद्या कोणते काम करायचे आहे यावर ते ठरते, तुम्हाला कोणता विषय आवडतो यावर नव्हे. म्युच्युअल फंड विकायचे असतील, मग ते स्वतंत्रपणे असो वा बँकेच्या शाखेत बसून, तर मालिका पाच-अ लागते. दलालाकडे इक्विटी डेरिव्हेटिव्हच्या (शेअरवर आधारित फ्युचर व ऑप्शन कंत्राटांच्या) डीलिंग टर्मिनलवर बसायचे असेल किंवा त्या विभागात विक्रीचे काम करायचे असेल तर मालिका आठ, आणि चलन डेरिव्हेटिव्हसाठी मालिका एक. दलालाच्या कार्यालयातील सौदापूर्ती, जोखीम नियंत्रण आणि हिशेब हे काम करणाऱ्यांसाठी मालिका सात आहे. डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे, म्हणजे डीमॅट खाती उघडून देणाऱ्या संस्थेकडे, त्या खात्यांचे काम करायचे असेल तर मालिका सहा द्यावी लागते. नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार व्हायचे असेल तर दहा-अ आणि दहा-ब या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि संशोधन विश्लेषकासाठी मालिका पंधरा आहे.

‘आधी सोपी म्हणून पाच-अ देतो, मग बघू’ असे पुष्कळ जण ठरवतात. वितरक व्हायचे नसेल तर त्या प्रमाणपत्राचा प्रत्यक्ष उपयोग थोडा आणि तीन वर्षांची मुदत मात्र चालू होते. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याला मुलाखतीत दाखवण्यासाठी काही हवे असेल, तर दलाली संस्थांत आठ आणि सात या दोन परीक्षांची विचारणा अधिक होते असे आमचे निरीक्षण आहे.

शिक्षणाची काही अट आहे का?

परीक्षेला बसण्यासाठी पदवीची अट नाही. अट असते ती पुढच्या टप्प्यावर, म्हणजे सेबीकडे नोंदणी करताना किंवा अ‍ॅम्फीकडून वितरकाचा नोंदणी क्रमांक घेताना. गुंतवणूक सल्लागार आणि संशोधन विश्लेषक यांच्या पात्रतेच्या अटी सेबीने डिसेंबर 2024 मधील दुरुस्त्यांपासून बऱ्याच सैल केल्या आहेत. त्यामुळे पूर्वी अनुभवाच्या अटीमुळे मागे राहिलेल्यांनी आता नव्याने चौकशी करावी. पोस्टातील एजंट, निवृत्त शिक्षक, निवृत्त बँक अधिकारी यांच्यासाठी सेबीने 2012 मध्ये वितरकांचा एक वेगळा वर्ग निर्माण केला. त्यांना पाच-ब ही छोटी परीक्षा देऊन ठरावीक सोप्या प्रकारच्या योजना विकता येतात.

नोंदणी कशी करायची आणि खर्च किती येतो?

नोंदणी एनआयएसएमच्या प्रमाणन संकेतस्थळावरच करायची असते. तेथे पॅन क्रमांक देऊन खाते उघडावे, छायाचित्र चढवावे, परीक्षा निवडावी आणि शुल्क भरून केंद्र, तारीख व वेळ ठरवावी. पाच-अ, आठ, पंधरा अशा बहुतेक परीक्षांचे शुल्क 1,500 रुपये अधिक कर इतके आहे. दहा-अ आणि दहा-ब यांचे प्रत्येकी 3,000 रुपये अधिक कर. एक बारीक गोष्ट येथेच तपासून घ्यावी: खात्यातील नाव पॅन कार्डावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. लग्नानंतर आधारवर नाव बदलले पण पॅनवर बदलले नाही, किंवा एका कागदावर वडिलांचे नाव मधोमध आहे आणि दुसऱ्यावर नाही, अशा प्रकरणांत परीक्षा सुरळीत पार पडते आणि पुढे क्रमांकासाठी अर्ज करताना काम अडकते.

अभ्यासासाठी वर्कबुक पुरेसे आहे का, की आणखी पुस्तके घ्यावीत?

वर्कबुक पुरेसे आहे. प्रत्येक परीक्षेसाठी एनआयएसएम स्वतःचे वर्कबुक काढते, ते संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते आणि प्रश्न त्यातूनच काढले जातात. बाजारात मिळणारी मार्गदर्शके बहुधा याच वर्कबुकाचा सारांश असतात आणि सारांश करताना जे गळते, तेच अनेकदा परीक्षेत येते. उदाहरणार्थ, म्युच्युअल फंडातील रोखे कस्टोडियनच्या ताब्यात असतात आणि युनिटधारकांची नोंद रजिस्ट्रार ठेवतो, एवढे सर्व मार्गदर्शकांत सापडते. परंतु एखाद्या ग्राहकाचा पत्ता बदलायचा, नामनिर्देशन नोंदवायचे किंवा मृत्यूनंतर युनिट वारसाच्या नावे करायचे तर कोणते कागद लागतात हे वर्कबुकात सविस्तर असते आणि मार्गदर्शकात दोन ओळींत उरकलेले असते.

वर्कबुक वाचण्याची पद्धत मात्र कादंबरीसारखी नसावी. प्रारंभीच परीक्षेचा अभ्यासक्रम आणि प्रकरणनिहाय गुणभार दिलेला असतो, तो आधी पाहावा. पहिल्या वाचनात काहीही पाठ करण्याचा प्रयत्न न करता संपूर्ण पुस्तक एकदा संपवावे. दुसऱ्या वाचनात हातात वही असावी आणि तीत फक्त चार प्रकारच्या गोष्टी उतरवाव्यात: मुदती, टक्केवाऱ्या, सूत्रे आणि ‘कोणाची जबाबदारी कोणती’ हे. या परीक्षांतील बहुतेक प्रश्न या चार खणांत बसतात. प्रकरणाच्या शेवटी दिलेले नमुना प्रश्न दुसऱ्या वाचनानंतरच सोडवावेत. आधी पाहिले तर उत्तर लक्षात राहते आणि विषय राहून जातो.

इंटरनेटवर आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणारे ‘मागील परीक्षेतील 500 प्रश्न’ वापरावेत का?

सरावासाठी वापरण्यास हरकत नाही, परंतु अभ्यासाचा आधार म्हणून वापरू नयेत. प्रत्येक उमेदवाराला संगणक प्रश्नपेढीतून वेगळा संच देतो, त्यामुळे ‘तेच प्रश्न येतात’ या दाव्यात फारसे तथ्य नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे हे संच शिळे असतात. भांडवल बाजाराचे नियम गेल्या काही वर्षांत इतक्या वेगाने बदलले आहेत की, तीन वर्षांपूर्वीचे बरोबर उत्तर आज चुकीचे ठरते.

काही ठळक बदल पाहावेत. शेअरच्या सौद्यांची पूर्ती पूर्वी दोन दिवसांनी होत असे. 27 जानेवारी 2023 पासून ती सर्व शेअरसाठी एका दिवसावर आली. इंडेक्स डेरिव्हेटिव्हच्या नव्या कंत्राटाचे किमान मूल्य 5 ते 10 लाख रुपये असे, ते 20 नोव्हेंबर 2024 पासून 15 लाख झाले. शेअर आणि इक्विटी फंडांवरील अल्पकालीन भांडवली नफ्याचा कर 23 जुलै 2024 पासून 15 टक्क्यांवरून 20 टक्के झाला, दीर्घकालीन नफ्याचा 10 वरून 12.5 टक्के, आणि करमुक्त मर्यादा एक लाखावरून सव्वा लाखावर गेली. एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या डेट फंडाच्या युनिटवर तर दीर्घकालीन नफ्याची सवलतच उरली नाही. जुन्या संचांत या चारही बाबींची कालबाह्य उत्तरे ठामपणे छापलेली आढळतात.

यातून एक उपप्रश्न निघतो: नियम गेल्या महिन्यात बदलला आणि वर्कबुकात जुनाच असेल, तर उत्तर काय द्यावे? वर्कबुकाप्रमाणे द्यावे. नवी आवृत्ती निघते तेव्हा कोणत्या तारखेपासूनची परीक्षा तिच्यावर आधारित असेल, हे एनआयएसएम जाहीर करते. तुमच्या परीक्षेच्या तारखेला लागू असलेली आवृत्ती कोणती, हे नोंदणीच्या दिवशी आणि परीक्षेच्या आठवडाभर आधी असे दोनदा पाहून घ्यावे. अर्थसंकल्पानंतरच्या महिन्यांत परीक्षा देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

तयारीला किती दिवस द्यावेत?

नोकरी सांभाळून रोज दीड तास देणाऱ्या माणसाला पाच-अ साठी तीन ते चार आठवडे पुरतात. मालिका आठसाठी, ऑप्शन कधीच हाताळले नसतील तर, दीड ते दोन महिने धरावेत. दहा-अ आणि दहा-ब यांना प्रत्येकी दोन महिन्यांपेक्षा कमी वेळ देणे आम्हाला धोक्याचे वाटते, कारण त्या प्रत्येकी 150 गुणांच्या, तीन तासांच्या परीक्षा आहेत आणि त्यांत एखाद्या कुटुंबाची आर्थिक परिस्थिती देऊन त्यावर प्रश्नांची मालिका विचारलेली असते. परीक्षेची तारीख आधी ठरवावी की अभ्यास संपल्यावर, असे विचाराल तर पहिले वाचन संपताच तारीख घ्यावी. तारीख नसलेला अभ्यास दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत रेंगाळतो.

शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजीची अडचण येईल का?

काही परीक्षांना इंग्रजीखेरीज अन्य भाषेचा पर्याय असतो आणि तो नोंदणी करताना दिसतो. तरीही मूळ संज्ञा इंग्रजीतूनच ओळखता आल्या पाहिजेत, कारण पुढे काम करताना फॉर्म, परिपत्रके आणि कंपन्यांचे ई-मेल त्याच भाषेत येतात. प्रश्नांतील इंग्रजी साधी असते. अडवते ती नकारार्थी रचना. ‘पुढीलपैकी कोणते विधान योग्य नाही’ किंवा ‘अमुक वगळता सर्व’ अशा प्रश्नांत घाईने वाचणारा पहिलेच खरे विधान निवडून मोकळा होतो. सराव करताना असा नकार दिसला की तो कागदावर लिहून ठेवण्याची सवय लावावी. आठवडाभरात डोळा आपोआप तेथे थांबू लागतो.

पाच-अ परीक्षेत उमेदवार कोठे अडखळतात?

योजनांचे प्रकार, एनएव्ही (एका युनिटचे निव्वळ मूल्य) आणि अर्जाची वेळ या तीन ठिकाणी. सेबीच्या ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकाने बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 कंपन्या लार्ज कॅप, 101 ते 250 मिड कॅप आणि 251 पासून पुढच्या स्मॉल कॅप अशी विभागणी केली. ही सीमा उमेदवार रुपयांत शोधतात, प्रत्यक्षात ती क्रमांकाने ठरते.

एनएव्हीचे गणित सोपे असते, पण आकडे मुद्दाम विखुरलेले असतात. समजा, योजनेतील रोख्यांचे बाजारमूल्य 1,200 लाख रुपये, येणे असलेले व्याज व लाभांश 40 लाख, देणी आणि साठलेला खर्च 15 लाख, आणि युनिट 50 लाख आहेत. तर 1,200 अधिक 40 वजा 15 म्हणजे 1,225 लाख भागिले 50 लाख, म्हणजे एनएव्ही 24 रुपये 50 पैसे. प्रश्नात रोख्यांची मूळ खरेदी किंमतही दिलेली असते आणि ती घेऊन गणित केले तर येणारे उत्तरही पर्यायांत हमखास असते.

तिसरी जागा कट-ऑफ वेळेची, म्हणजे त्या दिवसाची एनएव्ही मिळण्यासाठीच्या शेवटच्या वेळेची. सोमवारी दुपारी दोन वाजता इक्विटी योजनेचा अर्ज दिला, म्हणजे तीनच्या आत दिला. परंतु पैसे योजनेच्या खात्यात मंगळवारी सकाळी अकरा वाजता पोचले, तर कोणत्या दिवसाची एनएव्ही मिळेल? मंगळवारची. फेब्रुवारी 2021 पासून रक्कम कितीही असो, पैसे प्रत्यक्ष वापरण्यास उपलब्ध होणे हीच कसोटी आहे. प्रत्यक्ष व्यवसायात ग्राहकांचे सर्वाधिक तंटे याच मुद्द्यावर होत असल्याने हा भाग परीक्षेपुरता वाचून सोडू नये.

वितरकाच्या मोबदल्याचे नियमही कालक्रमाने लक्षात ठेवणे सोपे जाते: ऑगस्ट 2009 मध्ये एंट्री लोड (गुंतवणूक करतानाच कापला जाणारा आकार) गेला, जानेवारी 2013 मध्ये डायरेक्ट प्लॅन (वितरकाशिवाय थेट घेता येणारे) आले, ऑक्टोबर 2018 पासून आगाऊ कमिशन बंद होऊन संपूर्ण ट्रेल कमिशन (गुंतवणूक टिकून असेपर्यंत मिळत राहणारे) आले. ही तीन पावले एकापुढे एक मांडली की आजची पद्धत पाठ करावी लागत नाही.

मालिका आठमधील गणितांची भीती वाटते. किती गणित येते?

बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि टक्केवारी यांपलीकडचे फारसे नाही. ऑप्शनची किंमत ठरवण्याच्या सूत्राची मांडणी पाठ करण्यात वेळ घालवू नये. कोणता घटक वाढला की कॉल (खरेदीचा हक्क) आणि पुट (विक्रीचा हक्क) यांचा प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, कोणत्या दिशेने सरकतो, एवढे पक्के हवे. चार प्रकारची उदाहरणे मात्र न बघता सोडवता आली पाहिजेत.

पहिले, फ्युचरची, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला पूर्ण करायच्या सौद्याची, रास्त किंमत. शेअरचा भाव 1,000 रुपये, व्याजदर वार्षिक 12 टक्के, मुदत दोन महिने. सरळव्याजाने वहनखर्च, म्हणजे शेअर तोवर बाळगण्याचा व्याजखर्च, 20 रुपये, म्हणून फ्युचर 1,020. दरम्यान 5 रुपये लाभांश मिळणार असेल तर साधारण 1,015. लाभांश वजा करायचा की मिळवायचा, येथे गोंधळ होतो. शेअर जवळ बाळगणाऱ्याला लाभांश मिळतो, त्यामुळे त्याचा वहनखर्च तेवढा कमी होतो, हे समजले की गोंधळ राहत नाही.

दुसरे, मार्क-टू-मार्केट, म्हणजे रोजच्या भावाप्रमाणे नफ्या-तोट्याची रोज होणारी देवघेव. 500 शेअरचे एक कंत्राट 1,000 रुपयांना घेतले. त्या दिवशीचा सेटलमेंट भाव 990, म्हणजे खात्यातून 5,000 रुपये गेले. दुसऱ्या दिवशी 1,006, म्हणजे 8,000 आले. तिसऱ्या दिवशी 1,003 ला विकले, 1,500 गेले. एकूण नफा 1,500 रुपये, म्हणजेच तीन रुपये गुणिले 500. प्रश्नात बहुधा एकाच दिवसाची देवघेव विचारतात आणि उमेदवार एकूण नफा निवडतात.

तिसरे, ऑप्शनच्या जोड्या. 500 चा कॉल 22 रुपयांना घेतला आणि 520 चा कॉल 12 रुपयांना विकला. निव्वळ खर्च 10, तोच कमाल तोटा. दोन स्ट्राइकमधील, म्हणजे 500 आणि 520 या ठरलेल्या भावांमधील, 20 मधून 10 वजा जाता कमाल नफा 10. ना नफा ना तोटा 510 वर. असे प्रत्येक डावपेचाचे तीन आकडे, म्हणजे कमाल तोटा, कमाल नफा आणि समतोलबिंदू, हाताने मांडून पाहावेत. आलेख डोळ्यांसमोर आणता आला तर डावपेचांची नावे पाठ करण्याचा त्रास निम्मा होतो.

चौथे, हेजिंग, म्हणजे भाव पडण्यापासून संरक्षण. 50 लाखांचा पोर्टफोलिओ, बीटा (बाजाराच्या तुलनेत त्याची चढ-उतार) 1.2, तर संरक्षण 60 लाखांचे हवे. एका इंडेक्स फ्युचर कंत्राटाचे मूल्य 15 लाख असेल तर चार कंत्राटे विकायची. बीटाने गुणायचे विसरणे आणि विकण्याऐवजी खरेदी निवडणे या दोन चुका सर्रास होतात.

निगेटिव्ह मार्किंग असताना माहीत नसलेले प्रश्न सोडावेत का?

‘खात्री नसेल तर हात लावू नका’ हा सल्ला इतका प्रचलित आहे की, तो तपासून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. तो सरसकट बरोबर नाही. मालिका आठमध्ये एक गुणाचे 100 प्रश्न, दोन तास, उत्तीर्णतेला 60 टक्के आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणाच्या 25 टक्के वजावट असते. चार पर्यायांत डोळे मिटून निवड केली तर सरासरीने चारांतील एक उत्तर बरोबर येते: एक गुण मिळतो आणि तीन चुकांचा पाऊण गुण जातो. म्हणजे पूर्ण अंदाजानेही हिशेब किंचित अधिकाचाच राहतो. वीस प्रश्नांत असे केले तर सरासरी सव्वा गुण हाती लागतो. एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला तर 18 प्रश्नांत सरासरी 3 गुण मिळतात, आणि दोन पर्याय बाद करता आले तर 20 प्रश्नांत साडेसात.

सरासरी म्हणजे हमी नव्हे, हेही तितकेच खरे. त्यामुळे निर्णय तुम्ही कोठे उभे आहात यावर घ्यावा. पहिल्या फेरीत पक्क्या उत्तरांची संख्या मोजावी. 65 प्रश्न निःसंशय बरोबर असतील तर उरलेल्यांवर आंधळा अंदाज करण्याचे कारण नाही. 57 च असतील तर हात आखडून बसल्यास नापास होणे अटळ आहे. अशा वेळी ज्यांत एक-दोन पर्याय खोडता येतात ते प्रश्न निवडून सोडवलेच पाहिजेत. सर्व 100 प्रश्न सोडवणाऱ्याला उत्तीर्ण होण्यासाठी 68 उत्तरे बरोबर लागतात, 80 सोडवणाऱ्याला 64 आणि 70 सोडवणाऱ्याला 62. हे तीन आकडे लक्षात असले की परीक्षागृहात मन स्थिर राहते.

मालिका सातमध्ये वजावट आहे, पण उत्तीर्णता 50 टक्क्यांवर आहे. पाच-अ मध्ये वजावट नाही आणि उत्तीर्णताही 50 टक्क्यांवरच आहे, म्हणून तेथे एकही प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ तोटा आहे. त्या परीक्षेत 40 उत्तरे नक्की येत असणारा उमेदवार उरलेल्या 60 प्रश्नांवर नुसता अंदाज करूनही सरासरीने 15 बरोबर आणतो आणि उत्तीर्ण होतो. उंबरठा किती बुटका आहे हे यावरून कळते, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर वर्कबुक रद्दीत का टाकू नये हेही.

परीक्षेच्या दिवशी काय सांभाळावे?

प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र न्यावे. छायाप्रत किंवा मोबाइलमधील फोटो यांवर विसंबू नये. प्रवेशपत्रावरील सूचना आदल्या दिवशीच वाचाव्यात. 100 प्रश्नांना 120 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद मिळतात. सिद्धान्ताचे प्रश्न 30 सेकंदांत होतात, त्यामुळे गणितांसाठी वेळ उरतो. लांब गणिताला पहिल्या फेरीत खूण करून पुढे जावे. मुंबई-ठाणे परिसरात केंद्र निवडताना अंतरापेक्षा लोकलचा मार्ग पाहावा, आणि पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या सत्राचा मोह टाळावा.

निकाल परीक्षा संपताच पडद्यावर दिसतो.

नापास झालो तर?

पुन्हा शुल्क भरून पुन्हा बसता येते. दुसरा प्रयत्न लगेच दुसऱ्याच आठवड्यात करू नये. कोणत्या प्रकरणांनी दगा दिला हे त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, लिहून काढावे आणि तेवढीच प्रकरणे पुन्हा वाचावीत.

उत्तीर्ण झाल्यावर लगेच काम सुरू करता येते का? लोकांना शेअरच्या टिप्स देता येतील का?

नाही. प्रमाणपत्र ही पहिली पायरी आहे, परवानगी नव्हे. म्युच्युअल फंड विकण्यासाठी अ‍ॅम्फीकडे अर्ज करून एआरएन हा वितरकाचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. बँक किंवा वितरण कंपनीत नोकरी करणाऱ्याला ईयूआयएन हा व्यक्तिगत क्रमांक मिळतो. त्यानंतर फंड कंपन्यांशी करार करावे लागतात. सल्ला देण्यासाठी किंवा संशोधन अहवाल काढण्यासाठी सेबीची स्वतंत्र नोंदणी लागते.

मालिका आठ किंवा पंधरा उत्तीर्ण झालेले काही जण टेलिग्रामवर मराठी गट काढून ‘एनआयएसएम प्रमाणित’ या बिरुदाखाली महिन्याला वर्गणी घेऊन खरेदी-विक्रीचे इशारे देतात. परीक्षा खरी असली तरी हे काम नोंदणीशिवाय बेकायदा आहे. ‘आम्ही फक्त शिकवतो’ हा बचावही आता तोकडा पडतो, कारण ऑगस्ट 2024 च्या दुरुस्त्यांनी नोंदणीकृत संस्थांना अशा नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी संबंध ठेवण्यास मनाई केली आणि जानेवारी 2025 मधील परिपत्रकाने शिक्षणाच्या नावाखाली ताजे बाजारभाव वापरण्यावरही बंधन घातले. नातेवाइकांना स्नेहापोटी चार शब्द सांगणे वेगळे आणि मोबदला घेऊन सल्ला देणे वेगळे. मोबदला आला की नोंदणी आलीच.

प्रमाणपत्राची मुदत किती असते?

तीन वर्षे. ती संपण्यापूर्वी एनआयएसएमचा सीपीई हा एक दिवसाचा निरंतर शिक्षण कार्यक्रम पूर्ण करून किंवा परीक्षा पुन्हा देऊन मुदत वाढवता येते. मुदत एकदा उलटली की सीपीईचा मार्ग बंद होतो आणि परीक्षाच द्यावी लागते. गुंतवणूक सल्लागार आणि संशोधन विश्लेषक यांच्यासाठी नूतनीकरणाची वेगळी परीक्षा आहे. वितरकांनी तर ही तारीख घरातील विमा हप्त्याच्या तारखेशेजारीच लिहून ठेवावी, कारण प्रमाणपत्र संपले की एआरएनचे नूतनीकरण अडते आणि ट्रेल कमिशन थांबते. जुने, अनुभवी वितरक परीक्षेत नापास होत नाहीत, ते येथे चुकतात.

क्लास लावणे आवश्यक आहे का?

पाच-अ आणि सात यांसाठी नाही. मालिका आठसाठी ऑप्शन समजावून सांगणारा एखादा जाणकार भेटला तर वेळ वाचतो, मग तो क्लास असो वा दलालाच्या कार्यालयातील ज्येष्ठ सहकारी. ‘उत्तीर्ण होण्याची हमी’ देणाऱ्या आणि शुल्कात प्रश्नसंच विकणाऱ्या क्लासपासून दूर राहावे.

हे प्रमाणपत्र अमेरिकेत चालते का?

चालत नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक होऊन याच क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्यांना तेथील दलाली संस्थांवर देखरेख करणाऱ्या फिनरा या संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. एसआयई ही 75 प्रश्नांची, पावणेदोन तासांची प्राथमिक परीक्षा कोणत्याही संस्थेच्या पाठिंब्याशिवाय देता येते, आणि तिचा निकाल चार वर्षे ग्राह्य धरला जातो. त्यानंतरची सीरिज 7 ही 125 प्रश्नांची परीक्षा मात्र नोकरी देणाऱ्या सदस्य संस्थेने पुरस्कृत केल्याशिवाय देता येत नाही. येथील डेरिव्हेटिव्हचा अभ्यास तेथे ऑप्शनच्या भागात उपयोगी पडतो, कर आणि कायद्याचा भाग संपूर्ण नव्याने करावा लागतो.

व्यवसाय करायचा नाही, केवळ स्वतःची गुंतवणूक नीट समजून घ्यायची आहे. तर कोणती परीक्षा द्यावी?

अशा वाचकांसाठी सेबीची गुंतवणूकदार प्रमाणन परीक्षा आहे. ती एनआयएसएममार्फतच घेतली जाते, ऐच्छिक आहे आणि तिला शुल्क नाही. तिचे अभ्याससाहित्यही विनामूल्य मिळते. त्यापुढे जायची इच्छा झाली तर पाच-अ चे वर्कबुक नुसते वाचावे, परीक्षा न देताही.